गाळ बसेपर्यंत

ऑगस्टात निळी नील निळी नसते.
इथिओपियाच्या डोंगरांची माती पिऊन
ती दूध घातलेल्या चहाच्या रंगाची येते,
आणि बादलीत हात घातला
तर मनगटापुढचा हात हरवतो.

सिंजाच्या अलीकडे, आमच्या गावात,
अल-तोमा खाला उंबऱ्यात बसून शेवग्याच्या शेंगा फोडते.
वाळलेल्या. आतल्या बियांना कागदासारखे पंख,
ते ती फुंकरीने उडवते, गर खलात कुटते.
या झाडाला इथे रवाग म्हणतात,
निवळणाऱ्याचं झाड.

"तुझ्या कारखान्यात काय घालायचात?"
तुरटी. टनांनी.
"आणि आता?"

आता काय.
पंपांतलं तांबं कुणी कुणी विकून खाल्लं,
टाक्यांच्या वाळूत बाभळी उगवल्या,
अकरा वर्षांची नोकरी एका पिशवीत कोंबून
मी बसच्या टपावर बसून आले.
पिशवीत एक काचेचं चंचुपात्र निघालं.
का आणलं, मलाच माहीत नाही.

मी तिला शिकवू पाहते:
मातीच्या कणांना एकमेकांचा तिटकारा असतो, खाला.
सगळ्यांवर सारखाच ऋणभार,
जवळ आला की ढकलून देतो एक दुसऱ्याला.
म्हणून भेटत नाहीत, आणि भेटत नाहीत म्हणून बुडत नाहीत,
दिवसचे दिवस तरंगत राहतात.
तुझ्या बीमधलं प्रथिन उलट्या भाराचं.
ते मध्ये पडतं.

"म्हणजे सोयरीक जुळवणारी," खाला म्हणते,
आणि मला गप्प करून पळी हातात देते.

आधी जोरात ढवळायचं, मग हळू.
प्रयोगशाळेत आम्ही घड्याळ लावायचो.
खाला नावं मोजते,
लग्न होऊन गावातून गेलेल्या मुलींची:
सित्तना, बित अल-मुना, थोरली हलीमा, धाकटी हलीमा,
शामा, जी पोर्ट सुदानला दिली.
एका नावाला एक फेरा.
शेवटचं नाव ती ओठांतच ठेवते,
फेरा मात्र पुरा करते.

मग पळी काढायची, झाकण ठेवायचं.
निवळणं हे पाण्यानेच करायचं असतं.

दोन तास.
दोन तासांत एक बकरी व्याली, शेजारचा उस्मान रेडिओ दुरुस्त करता करता
आणखी बिघडवून गेला.

झाकण काढलं तर वरचं पाणी असं
की चिमणीने दोनदा विचार करावा.
मी चंचुपात्र भरून उन्हात धरलं.
खालाने त्याच्यामागे तळहात धरला:
रेषा दिसल्या, मेंदीचा जुना डाग दिसला.

पण खाला, नितळ म्हणजे शुद्ध नव्हे.
पाण्याचा एकच दोष, ते कुणाला नाही म्हणत नाही.
मीठ, साखर, शेणाचा ओघळ, डोळ्यांना न दिसणारे जीव,
सगळ्यांना घरात घेतं
आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"ते पाणी आरशासारखं होतं.
मीच पाजलं तिला."

मागे वळून पाहिलं तर
तीन दगडांवर पातेलं कधीच चढलं होतं,
तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले होते.

उकळलेलं पाणी निवल्यावर झीरमध्ये जातं.
त्या मातीच्या रांजणाला घाम येतो;
जे कण सगळ्यांत तापलेले
ते आधी वाऱ्यावर निघून जातात
आणि मागे राहिलेल्यांना गारवा ठेवून जातात.
हे मी तिला सांगितलं नाही.
तिने झीरला ओला हात लावला, मग स्वतःच्या गालाला.

बादलीच्या तळाचा गाळ, लोण्यासारखा,
भेंडीच्या आळ्यात ओतताना म्हणाली,
"डोंगर आला बघ चालत.
पुढच्या महिन्यात खाऊ."