सहा आकडे

सेलूच्या सरकारी दवाखान्यात
एकतीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर वाचलं.
त्यामुळं तिकिटाच्या त्या ॲपनं
वाकडीतिकडी, वरून रेघा ओढलेली अक्षरं पुढं धरली
आणि म्हणालं, ओळखा,
तेव्हा मला हसूच आलं.
गुट्टे डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी स्वच्छ होतं ते.

अडलं ते पुढं.
ओटीपी जायचा हडपसरला.

खातं मुलानं काढून दिलेलं, नंबर त्याचा.
मी कुठंही निघाले
की आधी त्याच्या खिशात वाजायचं
आणि मग माझा फोन:
"आई, निजामाबादला काय काढलंस आता?"
तो वाईट नाही.
पण विचारपूस कुठं संपते
आणि परवानगी कुठं लागते,
त्याची शीव मला अजून सापडलेली नाही.

निजामाबादला मेहरुन्निसा असते, लेकीपाशी.
आम्ही दोघींनी मिळून किती नाळा कापल्या
ते रजिस्टरात असेल, आमच्याकडं नाही.
मानवत रोडच्या पलीकडं, बाभळीखाली,
ट्रॅक्टरच्या उजेडात झालेली एक पोर
आता तलाठी आहे म्हणतात.
मेहरूला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत.
लेक म्हणाली, यायचं तर लवकर या, मावशी.
हे मुलाला सांगायचं म्हणजे
त्या बाभळीपासून सुरू करावं लागलं असतं.

शेजारच्या मगरांची अक्षदा, नववीतली,
म्हणाली, "नवं खातं काढू की काकू,
जुन्याला हातच नका लावू."

नाव. मधलं नाव. आडनाव.
जन्मतारीख: गुरुजींनी अंदाजानं टाकलेली एक जून.
ज्येष्ठ नागरिक, खूण केली.
पैसे होते तेवढेच राहिले.
"सवलत बंद झाली, काकू."
"मग विचारायलेत कशाला?"
"खालचा बर्थ भेटावा म्हणून."
बरं. गुडघ्यांना तेवढं कळतं.

पासवर्डात म्हणे एक मोठं अक्षर पाहिजे,
एक आकडा, एक चिन्ह.
पोरीनं शहाण्यासारखं तोंड फिरवलं.
तो मी इथं लिहिणार नाही.
मेहरू भानावर असती
तर तिनं पहिल्या फटक्यात ओळखला असता.

मग फोन थरथरला.
माझा.

सहा आकडे.
मी ते नाडी मोजतात तसे वाचले, ओठ न हलवता.
पोर घाई करायला लागली, "टाका पटकन, साठच सेकंद असतात."
साठ सेकंद किती मोठे असतात
हे मला कुणी सांगू नये, बाई.
न रडणाऱ्या लेकराचे साठ सेकंद
मी हातात धरून मोजलेत.

एस-चार, सतरा, खालचा.

आता स्टेशनावर बसले आहे.
डब्यात धपाटे,
पदराच्या गाठीत नाही, पिशवीच्या चेनच्या कप्प्यात पैसे,
आणि मीठ लावून वाळवलेली बोरं,
रात्रपाळीला मेहरू ती खिशात घेऊन यायची,
बिया बाळंतिणींच्या खाटांखाली सापडायच्या
आणि बोलणी मला बसायची.

ॲपवर गाडी म्हणजे एक निळा ठिपका.
मघापासून सातोन्याला उभा आहे.
पण रुळांकडं तोंड करून बसलेलं कुत्रं उठलं,
हमालानं बिडी विझवून कानामागं खोवली,
आणि ऐकू आलं, लांबून, भोंगा.
ठिपका अजून सातोन्यालाच.

मुलाला लिहून ठेवलंय:
मेहरूकडं निघाले, गाडी आली, काळजी करू नको.
"काळजी करू नको" खोडलं.
परत लिहिलं.

पाठवीन,
पूर्णा मागं पडल्यावर.