उलटे आटे

पाचपावलीच्या पुलाजवळ शालिक निमजेंचं सायकलचं दुकान.
आठवीत असताना तिथे मी एका पायडलचे आटे मारले.
डाव्या. सोडवायला म्हणून
पान्यावर सगळं वजन टाकून उभी होते,
जगातला कुठलाही स्क्रू सुटतो त्या दिशेनं.
"जोर नको लावू वो बाई.
डाव्या पायडलचे आटे उलटे असते."
काहून?
"सुलटे ठेवले तं चालता चालता सुटते."
एवढंच.
मग त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाची ट्यूब घमेल्यात बुडवली
आणि बुडबुड्याची वाट पाहत बसले.

आता मी अमरावती रोडवर, विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर.
बाहेर शेहेचाळीस अंश, आत कूलर, वाळ्याचा वास,
आणि पडद्यावर
निरपेक्ष शून्याच्या पावणेतीन अंश वर थिजलेला
सगळ्यात जुना उजेड.
त्याचं कंपन कुठे कसं झुकलंय
ते ठिपक्याठिपक्यानं मांडत बसायचं, हेच काम.

झुकण्याच्या जाती दोन.
एक, केंद्रातून सरळ निघालेल्या स्पोकसारखी:
आरसा धरा, तीच दिसते.
दुसरीत सगळे स्पोक एकाच अंगाला कललेले, भोवरा:
आरशात तो उलटा फिरतो.
आरसा आणि आकाश यांच्यात काही भेद नसेल
तर पहिलीशेजारी डावा भोवरा जितक्यांदा सापडतो
तितक्यांदाच उजवा.
गुणाकारांची बेरीज शून्य.

आम्ही शून्याच्या शोधात नाही.
आम्ही विचारतोय की अगदी सुरुवातीला,
मोहरीच्या दाण्यातही सगळं मावत होतं तेव्हा,
अवकाशाला ज्या लाटांनी पीळ दिला
त्यांत डाव्या पिळाच्या आणि उजव्या
सारख्याच होत्या का.
गुरुत्वाला डावं-उजवं कळतं का.
अणूच्या पोटातल्या एका बलाला कळतं, ते पाहून झालंय.
सफरचंद पाडणाऱ्याला
कुणी विचारलंच नव्हतं फारसं.

मार्चमध्ये बेरीज शून्य आली नाही.
एक तृतीयांश अंश.
घड्याळाचा मिनिटकाटा तीन-साडेतीन सेकंदांत सरकतो तेवढा.
मी कुणाला सांगितलं नाही, उठून पाणी प्यायले,
मग बुशराला फोन केला.
ती हसली नाही. म्हणाली,
"दुर्बिणीतला शोधक तेवढाच तिरपा बसवला असेल तर?"

तर अगदी हेच दिसेल.
आकाश वळलेलं की आपण,
आकडा सांगत नाही.

चाक डुगडुगलं की शालिकभाऊ ते काढून
उलटं करून पुन्हा चिमट्यात बसवतात.
ओढ बाजू बदलते? चाक वाकडं.
त्याच बाजूला राहते? चिमटा.
आकाश उलटं करून बसवता येत नाही.
पण आपल्या आकाशगंगेची धूळ आहे,
जवळची, घरची,
तिचा उजेड लांबून आलेला नाही,
वाटेत वळायला त्याला वेळच मिळालेला नाही.
तो तिरपा दिसला तर दोष आपल्या डोळ्याचा.
म्हणून एप्रिलभर मी धूळ मोजली.
खिडकीतून आलेली वेगळी, ती कीबोर्डवर.

धुळीनं थोडं कापून घेतलं.
थोडं उरलं.
त्रुटीच्या पट्ट्यात शून्य अजून आहे, अगदी कडेला,
गाडी सुटताना पायरीवर उभा राहिलेला माणूस असतो तसं.
आणि जे उरलं
ते जन्मातलं वळण की वाटेतलं,
तो वेगळाच भांडणाचा विषय. लहान कोनांवर एक बोलतं,
मोठ्या कोनांवर दुसरं,
आणि मोठे कोन मोजायला
आकाश एकच.

परवा जाता जाता थांबले.
शालिकभाऊंना आता नीट दिसत नाही.
चाक हळू फिरवतात, रिमजवळ खडू धरतात,
न टेकवता, केसभर अंतरावर.
"आउट आहे का हो?"
त्यांनी मान हलवली नाही. कान दिला होता.
चाक फिरत होतं,
आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा, वाटलं मला,
किंचित,
खर्र.

"पुन्हा फिरवू," ते म्हणाले.