सनद

रुवीत बस स्टँडमागे आमचं ऑफिस.
सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाला
इथे सनद म्हणतात.
पहिल्या दिवशी हसूच आलं होतं:
आमच्याकडे सनद म्हणजे गाव तोडून दिलेलं,
मोर्तब केलेलं, पुढे भाऊबंदकीत फाटलेलं.
इथे तीनशे बैसा. लॅमिनेशन वेगळं.

मंगळवारी एक उंच म्हातारा जर्मन आला,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यातला.
पासपोर्टवर नाव: योआखिम आल्ब्रेख्त
फ्रायहेर फॉन उंड त्सू ग्राउएनश्टेट.
आडनावाच्या रकान्यात माझा कर्सर
श्टेटच्या आधीच अडकला.

विचारलं, फ्रायहेर गाळू? किताबच ना तो?
म्हणाला, होता.
एकोणीसशे एकोणीसपासून नुसतं आडनाव आहे.
कायद्याने मान काढून घेतला,
शब्द तेवढा राहू दिला,
पंगत उठल्यावर पाट राहावा तसा
(हे शेवटचं माझं. तो नुसता खांदे उडवून थांबला).

आणि फॉन?
अमुक गावचे.
म्हणजे आमचा कर!
मनातल्या मनात त्याला ग्राउएनश्टेटकर केलं
तर लगेच पिशवी घेऊन
बांगड्याचा भाव करताना दिसला.

त्सू म्हणजे, तो जरा अडखळला,
अजून तिथेच राहणारे.
राहता?
नाही. आजोबांनी विकलं.
आता तिथे गुडघ्यांचं हॉस्पिटल आहे.

मग माझ्या बिल्ल्याकडे बघून, तुमचं?
पोतनीस. राजाच्या खजिन्याचा हिशेब लिहिणारे.
त्याने टाचा जुळवल्या, चक्क वाकला.
ड्रॉवरमध्ये अकरा रियाल, त्यातली एक नोट चिकटवलेली.
सासरचं आहे हो, मी म्हटलं.
माझी आईसुद्धा लग्नानेच फ्रायफ्राउ झाली, तो म्हणाला.

रांगेत मागे मोकद्दस तालुकदार,
सिल्हेटचा, चपलेवर सिमेंट वाळलेलं.
त्याच्या कार्डावर हुद्दा: आमिल.
अरबीत मजूर.
आमच्या जुन्या कागदांत आमिल म्हणजे
सारा वसूल करणारा सरकारी माणूस.
तालुकदारही आणि आमिलही,
आणि तो म्हणतोय, दीदी, जल्दी, गाडी छूटेगी.

काय गाळायचं, शेवटी म्हाताऱ्यालाच विचारलं.
त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं
त्सूवर.
तेवढ्याने बसलं नाव.

रात्री भावाचा फोन.
हडीच्या घरावरून तुझं नाव कमी करायचंय,
हक्कसोडपत्र व्हॉट्सॲपवर टाकलंय,
मजकूर वाच, पण फार वाचू नकोस.
माहेरची मी हडकर.
म्हटलं, बरं. आमच्या ऑफिसातच प्रिंट काढते,
स्टाफला शंभर बैसा.
तो म्हणाला, स्वस्त आहे की.