आधी बी बाजू

नाशिकरोडच्या टॉकीजमध्ये एकोणीस वर्षं
मी खिडकीत बसून तिकिटं विकली,
आणि पुरा सिनेमा एकही पाहिला नाही.
माझ्या खुर्चीमागे भिंत,
भिंतीमागे शेवटची रांग.
हसू भिंतीतून आरपार यायचं.
रडणं येत नाही.
पण रडणारा हॉल खोकत नाही,
एवढं मला कळायचं.

प्रेसची पाळी सुटली की खिडकीशी गर्दी.
दिवसभर नोटा छापून आलेला माणूस
स्वतःची एकच नोट चार घड्या उलगडून पुढे करायचा
आणि विचारायचा, ताई, पैसे वसूल?
मी सांगायचे, मध्यंतरापर्यंत.

मॅनेजर बोरस्ते म्हणाले,
अहिररावबाई, तिकीट विका, निकाल देऊ नका.
मग मी तोंड मिटलं
आणि डावी भुवई वर करायला शिकले.
भुवई पाहून माणसं परत फिरायची,
समोर भेळ खायची.

दुसऱ्या भागांचं मला पहिल्यापासून वावडं.
पहिल्यात मेलेला
दुसऱ्यात जुळा भाऊ होऊन येतो.
पहिल्यात जिच्यासाठी एवढं रामायण
ती दुसऱ्यात भिंतीवर, हार घातलेली.
खरं सांगू?
पहिल्या वेळी त्यांच्याकडे पैसे नव्हते,
एका कंदिलावर अख्खा प्रसंग निभावला.
दुसऱ्या वेळी दोनशे दिवे
आणि कुणाचा चेहरा दिसेना.

एक मात्र होता.
त्यात ती दोघं नुसती म्हातारी होतात,
एकमेकांची औषधं विसरतात.
पब्लिकनं तीन खुर्च्या फोडल्या.
मी कान भिंतीला लावून बसले होते.
बोरस्त्यांना म्हटलं, चांगलाय हो हा.
शुक्रवारी लागला, रविवारी उतरवला.

जिन्याखाली लतीफ कोकणी कॅसेटी विकायचा.
गिऱ्हाइकाला तो आधी बी बाजू ऐकवायचा.
ए बाजूला सगळेच नटून बसतात, ताई, म्हणायचा.
गाजलेल्या अल्बमातलं तिसरं गाणं
पहिल्याचीच चाल उलटी नेसलेलं आहे,
हे त्यानं मला दाखवलं,
आणि तरीही शंभर कॅसेटी विकल्या.
धंदा धंद्याच्या जागी.

मग देवदत्त गांगुर्डे आला, जेल रोडचा,
स्वतःचा अल्बम घेऊन.
आठ गाणी. वर गंगापूर धरण,
धरणापुढे त्याचा गॉगल.
आईच्या पाटल्या मोडल्या होत्या, हे नंतर कळलं.
आधी कळलं असतं तर?
माहीत नाही.

दुपारचा खेळ, हॉल रिकामा.
लतीफनं बी बाजू लावली.
मी म्हटलं, सात गाण्यांत तू
दुसऱ्या कुणाचा तरी घसा घालून आलायस.
सहाव्यात एके ठिकाणी ताल सुटतो,
तू थांबून श्वास घेतोस,
तेवढा तू.

तो बरं म्हणाला.
कॅसेट तिथंच विसरला.
लतीफ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला,
खरंच होतं, ताई,
पण पोराला चहा तरी पिऊ द्यायचा.

टॉकीज गेलं. तिथं आता गाद्यांचं दुकान,
आणि गाद्यांतून काहीच ऐकू येत नाही.

परवा आडगाव नाक्याजवळच्या लॉन्सवर
भाच्याच्या लग्नात ऑर्केस्ट्रा होता.
मधेच ओळखीची चाल.
सहावं गाणं.
ताल पक्का, मागे सहा व्हायोलिनं,
आणि श्वासाची जागा बुजवून टाकलेली,
खड्ड्यावर डांबर टाकावं तशी.

गाणं संपवून तो खाली उतरला.
कपाळ मागे सरकलेलं, गॉगल खिशात.
माझ्यासमोर उभा राहिला,
खिडकीसमोर राहायचा तसा, थोडा वाकून.
ताई, आता?

डावी भुवई आपोआप निघाली होती.
मी ती हातानं खाली घेतली.
म्हटलं, आधी चहा घेऊ.

चहा आला.
साखर फार होती.
तेवढं मी लगेच सांगितलं.