फुटक्या अंड्याचा भाव

सकाळी सहाला अक्राच्या समुद्राकडून
मासळीचा आणि डिझेलचा वास येतो
तेव्हा माझं पाणी उकळत असतं.
तीस अंड्यांचा एक ट्रे, त्यात तळाशी
दोन तरी तडकलेली निघतात.
ती मी वेगळी उकडते, मूठभर मीठ टाकून.
मिठानं पांढरं फार ओघळत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही,
नुकसानीनं शिकवलं.

मग आजेली येते. आधी पावलं ऐकू येतात,
मग घाम, मग ती.
सोळाची आहे. बुकॉमच्या पत्र्याच्या जिममध्ये
वाळूच्या पोत्याला रोज मारते,
पोतं काही बोलत नाही.
ओकाई मास्तरानं तिला कागदावर लिहून दिलंय:
सकाळी चार अंडी.
मास्तराचं काय जातं!
लिहायला का पैसे पडतात?

नाताळात ट्रेचा जो भाव होता
तो ईस्टरला उरला नाही.
मका महागला म्हणे, कोंबड्यांचं खाद्य महागलं,
मग जहाज, मग डॉलर,
मग आणखी कुणीतरी, ज्यानं जन्मात
कोंबडीच्या पोटाखाली हात घातलेला नाही.
मी अंडं चिरून त्यात
मिरची-टोमॅटोचा ठेचा भरते.
पूर्वी ठेचा चवीपुरता असायचा.
आता अंडं चवीपुरतं.

आजेलीच्या मुठीत एकाच अंड्याचे पैसे.
पैसे ओले, मूठ घट्ट.
मी म्हटलं, ऐक पोरी,
माझ्याच पोटावर पाय देऊन बोलतेय, कुणाला सांगू नकोस.
पलीकडे मेमुना बसते ना,
तिच्याकडून चवळीचे वडे घे तीन,
वर वाटीभर बाजरीची पेज, आल्याची, नाकात जाणारी.
खिशात शेंगदाणे ठेव.
घरी आई वाळवलेले बारके मासे आणते,
ते डोक्यासकट खा, डोळे बघत बसू नकोस.
ताकद काय एकट्या कोंबडीनं
विकत घेऊन ठेवलेली नाही.

मेमुनानं ऐकलं असावं.
ती हसली नाही, की वर बघितलं नाही,
फक्त कागदात चौथा वडा टाकला.
कागद कुणाच्या तरी गणिताच्या वहीचा.
तेलानं त्यावरचा भागाकार
हळूहळू दिसेनासा झाला.

महिनाभर असं चाललं.
पोरीचे खांदे भरले, माझा गल्ला नाही.

शनिवारी ती हरली.
तेमाची कुणी होती, लांब हातांची.
सोमवारी आली ती पळत नाही, चालत,
डावा डोळा जांभळा, मिटलेला.
बाकावर बसली. मागितलं काहीच नाही.

मी भांड्यातून अंडं काढलं,
तडकलेलं नाही, अखंड, चांगलं मोठं,
फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या डोळ्याभोवती
फिरवत राहिले, गोल, गोल.
माझी आई असंच फिरवायची,
रात्री, स्वतःच्याच गालावर,
आम्ही झोपलोय असं समजून.

गिऱ्हाइकं थांबून होती. थांबू देत.

अंडं निवलं.
आई म्हणायची, हे खायचं नसतं,
दुखणं त्यात उतरलेलं असतं, लांब फेकायचं.
मी फेकायला हात उचलला
तर आजेलीनं ते हातातून काढून घेतलं,
बाकाच्या कडेवर आपटलं,
सोललं, ठेच्यात बुडवलं, दोन घासांत संपवलं.
तोंड भरलेलं असतानाच म्हणाली,
‘दुखण्यात किती प्रोटीन असतं, कोर्कोई आंटी?’

मग मूठ उघडून पैसे पुढे केले.
मी म्हटलं, ठेव.
औषधाचा हिशेब माझ्याकडे नसतो.

त्या दिवशी ट्रेमधली एकोणतीस खपली,
तडकलेली दोन धरून.
ऊन चढल्यावर मी मेमुनाकडे गेले,
दोन वडे मागितले, उधार.
ती म्हणाली, गार झालेत.
मी म्हटलं, असू देत,
सकाळपासून अंडी विकतेय,
पोटात काही नाही.