खरी नकल

कोठीच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
शिस्त समितीची सुनावणी साडेअकराची होती.
बारा वाजून गेल्यावर पंड्याबेन आल्या,
फायलीची फीत सोडली
आणि म्हणाल्या, चालो, शरू करो.

मी दुभाषी. एरवी आवक-जावक सांभाळते.
पण शाळा मराठी, फाइल गुजराती,
आणि अख्ख्या कचेरीत दोन्ही येणारी मीच,
दांडियाबाजारात वाढलेली.

खारकर सर म्हणाले, टपली मारली.
हा शब्द दोन्हीकडे एकच.
मला काही करावंच लागलं नाही,
तो आपला आपण
या भाषेतून त्या भाषेत गेला,
चपला न वाजवता.
पंड्याबेन लिहून मोकळ्या झाल्या.

मग ओजस भिलारे, सहावी ब.
ओला भांग, आईनं पाडलेला.
तो म्हणाला, सरांनी कानाखाली काढली.

तिघंही सदस्य माझ्याकडे बघू लागले.

कानाखाली काढली.
काय काढली, ते मराठीत सांगावं लागत नाही.
वाक्यातलं कर्मच गिळलंय आम्ही,
इतक्या घरांत, इतक्या वर्गांत
ती निघालेली आहे.
गुजरातीत मात्र नाव द्यावं लागतं:
टपली, थप्पड, लाफो, तमाचो,
वाण्याच्या वजनांसारखे
लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले,
आणि तागडी माझ्या हातात.

किती जोरात रे, मी हळूच विचारलं.
हे माझं काम नव्हतं.
ओजसनं मान वळवली,
उजवा कान पुढे केला,
म्हणाला, काय?

मी सांगितलं, लाफो.

सर काही बोलले नाहीत.
त्यांना गुजराती येतं की,
चाळीस वर्षं भाजी घेतलीय त्यांनी या गावात.

शेवटी जबाब वाचायला दिला,
मराठीतला, माझ्या हातचा.
शेवटून दुसरी ओळ: माझी चुक झाली.
सरांनी खिशातलं पेन काढलं.
मला वाटलं, आता खोडतात.
त्यांनी फक्त उकार दीर्घ केला.
समासात आद्याक्षरं घातली, नियमाप्रमाणे,
मग सही, वळणदार,
फळ्यावरच्या सुविचाराखाली असते तशी.

एक वर्ष वर्गावर जायचं नाही.
दोन वेतनवाढी बंद.
सेवापुस्तकात तांबड्या शाईनं नोंद.

हुकूम गुजरातीत निघाला.
ओजसच्या आईला तो मराठीत हवा होता,
म्हणाली, घरी ह्याच्या आजोबांना दाखवायचाय,
ते म्हणतात, आम्ही काय कमी खाल्ल्या?

रात्री कुकरच्या शिट्या मोजत
मी उलटा प्रवास करत बसले.
लाफोपाशी आले आणि अडले.
परत येताना त्याची
कानाखाली काढली होईना.
शेवटी थप्पड लिहिलं, सरळ, शाळेतलं.

सकाळी कचेरीत शिक्का मारला.
मराठीत सत्यप्रत म्हणतात त्याला,
आमच्या शिक्क्यावर खरी नकल आहे.
शाई जरा पसरली.
फुंकर घालून
पुढचा कागद घेतला.