न मोजायचा महिना

मामंजी सांगतात, नरहरी भावजी लिहितात.
ओसरीवर जुन्नरी कागद, बोरूची करकर;
आत मी, जात्यापाशी.
गर्भिणींच्या पथ्याचं बाड होतंय म्हणे.

पहिल्या मासी नुसतं दूध, गार, थोडं थोडं.
तिसऱ्यात मध आणि तूप, पण समभाग नको.
चौथ्यात लोणी.
घुसळायचं कोणी, ते काही लिहीत नाहीत.
सातव्यात पोटाला खाज सुटेल, नखं लावू नयेत.

इथवर आवाज नागझरीपलीकडे पोचेल असा.
मग मामंजी हळू झाले.
मी जात्याचा खुंटा धरून ठेवला.

“आठव्यात ओज ठरत नाही.
आईकडून बाळाकडे जातं, बाळाकडून आईकडे.
त्या घडीला जो रिकामा सापडेल, तो गेला.
म्हणून हा मास गर्भिणीपुढे मोजू नये.”

अस्सं.
म्हणून सातानंतर घरात कोणी आकडा काढीना,
आणि मी महिना म्हटलं की
सासूबाईंना म्हशीची वैरण आठवे.
मी मात्र कोनाड्यात चिंचोके टाकत होते,
दर अवसेला एक.
आठ झाले होते.
गेल्या खेपेलाही आठच झाले होते,
मग ते मी चुलीत टाकले.

कुंभारवेशीकडून कोंडाई सुईण आली,
हाताला तिळेलाचा वास.
तिला वाचता येत नाही. मलाही.
विचारलं, ओज आत्ता कुणाकडे आहे गं?
तिनं पोटाला कान लावला, बराच वेळ,
म्हणाली, “दोघी भांडताय. भांडा.
पण आधी जेव.”

त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या, दुधात कुस्करून.

नवव्याचं काय सांगू.
कोंडाईनं कडी काढली, पोत्याच्या गाठी सोडल्या,
माझी वेणीसुद्धा.
उजाडता उजाडता मुलगी.
‘दोघी’ म्हणाली होती, तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घरात काजळ एकाच दिव्यावर धरतात,
एरंडेलाच्या, उपड्या वाटीत.
भावजींच्या शाईला तेच, तान्ह्या डोळ्यांनाही तेच.
सहाव्या दिवशी ती वाटी कोंडाईकरवी
गुपचूप आत मागवली.
रात्री पाटावर कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला,
आणि सटवाईसाठी दौत,
घट्ट, काळीभोर.

बाडातली पुढची पानं जरा फिकी उतरलीत.
भावजी डिंकाला दोष देतात.